मूठ सोडली की गाडी हळू का होते?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. धडगावचे काम आटोपून मी मोटारसायकलने चांदसैली घाट उतरून तळोद्याकडे येत होतो. मध्येच एक छोटासा चढ लागला, म्हणून मूठ पिळली. पुढचे वळण दिसताच ती सोडली. इंजिन शांत व्हायला हवे होते, पण झाले नाही! मूठ हातात सैलपणे फिरत होती आणि इंजिन मात्र चढावरच्याच जोराने गर्जत होते. क्लच दाबला, तेव्हा ते आणखी किंचाळू लागले. मग किल्ली बंद खुणेवर आणली, ब्रेक लावले आणि वळणाच्या अलीकडे गाडी कशीबशी उभी केली.

तळोद्याच्या एका गॅरेजात मिस्त्रींनी मुठीपासून इंजिनापर्यंत जाणारी ती काळी केबल काढून माझ्या हातात दिली. "सर, वायर तुटली नाही, पण तुटायला लागली आहे. हिला तेल कधी पाजलं होतं?" मी गप्प राहिलो. अकरावीच्या मुलांना घर्षण शिकवणाऱ्या माणसाने अशा प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

नव्या केबलबरोबर जुनीही मी मागून घेतली. ती आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. विद्यार्थिमित्रांनो, आज तिच्याच आधाराने एक साधा वाटणारा प्रश्न सोडवू या. मूठ पिळली की गाडी वेग घेते, हे समजले. पण मूठ सोडली की ती हळू का होते?

म्यान आणि तलवार

ही केबल म्हणजे दोन वस्तूंची जोडी आहे. आत पोलादाच्या बारीक तारा पिळून केलेली एक लवचीक तार असते आणि बाहेर तिचे म्यान. गॅरेजात यांना 'इनर' आणि 'आउटर' म्हणतात. बाहेरचे म्यान दिसायला साध्या प्लॅस्टिकच्या नळीसारखे असते. पण जुन्या केबलचा तुकडा सोलून पाहा, प्लॅस्टिकच्या आत पोलादी तारेचे एकमेकांना चिकटून घातलेले वेढे दिसतील. जणू पूर्ण मिटलेली स्प्रिंगच! अशी स्प्रिंग वाकते, पण आणखी दबत नाही. आणि हाच तिचा मोठा गुण आहे.

तो का, हे एका प्रयोगाने कळेल. हातभर लांबीची मऊ रबरी नळी घ्या. तिच्यातून सुतळी ओवा, सुतळीच्या एका टोकाला नळीच्या तोंडात न शिरणारा मणी बांधा आणि नळीला कमानीसारखा बाक द्या. आता दुसऱ्या टोकाशी नळी एका हाताने धरून सुतळी ओढा. नळी आकसते. म्हणजे सुतळीत जेवढा ताण, तेवढाच दाब नळीवर येतो. न्यूटनचा तिसरा नियम येथे अगदी डोळ्यांनी दिसतो. नळीच जर आकसू लागली तर हाताने दिलेली ओढ पलीकडे पोहोचणार कशी? म्हणून म्यान वाकणारे हवे, पण दबणारे नको.

पूर्वीच्या काळ्या सायकलींचे ब्रेक तुम्ही पाहिले असतील. त्यांत सरळ लोखंडी सळ्या आणि त्यांना जोडणारे खटके असतात. सळी ओढताही येते आणि ढकलताही येते, पण ती कोपऱ्यातून वळत नाही. प्रत्येक वळणाला नवा खटका लावावा लागतो. तार आणि म्यान यांची जोडी कुठूनही वळवून नेता येते. या युक्तीचे एकस्व अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन या आयरिश माणसाने १८९६ मध्ये घेतले, म्हणून या केबलला बाउडन केबल असे नाव पडले. रॅले सायकल कंपनीचे मालक फ्रँक बाउडन हे वेगळे गृहस्थ होते. आडनाव सारखे असल्याने पुष्कळ ठिकाणी श्रेय चुकून त्यांना दिलेले आढळते.

लगाम आणि तार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोरीला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. मुठीची तार ही शेवटी एक दोरीच आहे. मूठ पिळली की ती तार ओढते, तार कार्बुरेटरमधली झडप उचलते, इंजिनात जास्त हवा आणि तिच्याबरोबर जास्त पेट्रोल जाते. पण मूठ उलटी फिरवली तर तारेला फक्त ढील मिळते. झडप खाली ढकलण्याचे काम तार करू शकत नाही. ते काम झडपेवर बसवलेली एक स्प्रिंग करते. म्हणजे वेग वाढवणे आपल्या हाती असते आणि कमी करणे स्प्रिंगच्या हाती!

आपल्या जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे एखाद्या स्वाराकडे नीट पाहा. लगाम ओढला की घोडा थांबतो, ढील दिली की धावतो. दोरीची ताकद ओढण्यात आहे आणि थांबवण्यासाठी तीच ताकद वापरली जाते. मोटारसायकलीत हे नेमके उलटे आहे. तार ओढली की गाडी पळते आणि थांबायची वेळ आली की जिथे दोरी लुळी पडते तीच बाजू आपल्या वाट्याला येते. केबल अडकली तर घाटात माझ्या हातात सैल मूठ राहिली, तसे होते.

काही मोठ्या मोटारसायकलींना म्हणूनच दोन केबली असतात. एक झडप उघडते, दुसरी तिला ओढून मिटते. आपल्याकडे रोज धावणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत मात्र एकच केबल आणि एक स्प्रिंग असते.

वळणावरचे चक्रवाढ व्याज

स्प्रिंगच्या वाटेत येते ते घर्षण. मुठीपासून निघालेली केबल हँडलपाशी वळते, टाकीखालून जाते, पुन्हा इंजिनाकडे वळते. प्रत्येक वळणावर आतली तार म्यानाच्या आतल्या बाजूवर दाबली जाते. जिथे दाब, तिथे घर्षण.

हे घर्षण किती असते? बुजलेल्या बैलाला आवरताना शेतकरी काय करतो ते आठवा. तो कासऱ्याचे झाडाच्या बुंध्याला दोन वेढे देतो आणि मोकळे टोक नुसते हातात धरतो. बैलाने कितीही जोर केला तरी त्या एका हाताला तो आवरतो. याचे गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने मांडले. प्रत्येक ठरावीक कोनाच्या वळणाला ताण ठरावीक पटीने वाढतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे हे घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. अगदी चक्रवाढ व्याजासारखे!

घरी हे करून पाहता येईल. एक लाटणे आडवे पक्के बांधा. त्यावरून दोरा टाका आणि दोन्ही टोकांना कागदाच्या छोट्या पुड्या बांधा. एका पुडीत २ सारखी नाणी ठेवा. दुसऱ्या पुडीत एकेक नाणे वाढवत जा आणि दोरा केव्हा घसरतो ते पाहा. दोऱ्याचा येथे अर्धा वेढा झाला आहे. समजा तो ४ नाण्यांवर घसरला, म्हणजे पट २. आता दोऱ्याचा एक वेढा वाढवून दीड वेढा करा. तुमचा अंदाज काय? अर्ध्या वेढ्याला २ पट, तर दीड वेढ्याला २ × २ × २, म्हणजे ८ पट. नाणी १६ लागतील. अडीच वेढ्यांना ३२ पट. लाटण्याऐवजी जाड बांबू घेतलात तर? येथे बरेच जण चुकतात. गुळगुळीतपणा सारखा असेल तर गोल जाड आहे की बारीक, याने उत्तर बदलत नाही. फक्त वळणाचा एकूण कोन महत्त्वाचा.

आता केबलचा हिशेब करू. समजा तिची सारी वळणे मिळून १८० अंश होतात आणि स्प्रिंग तारेला १ किलोग्रॅम वजनाएवढ्या बळाने ओढते. तेल घातलेल्या केबलचा घर्षणांक ०.१ धरला, तर ही पट सुमारे १.४ येते. मूठ पिळताना तारेला १.४ किलोग्रॅम वजनाएवढी ओढ द्यावी लागेल. कोरड्या, मळलेल्या केबलचा घर्षणांक ०.३ धरला, तर पट २.६ होते. हात दुखू लागतो तो यामुळे. पण परतीच्या वाटेवर घर्षण दिशा बदलते आणि गुणाकाराचा भागाकार होतो! स्प्रिंगची १ किलोग्रॅमची ओढ मुठीपर्यंत पोहोचेस्तोवर तेल घातलेल्या केबलीत ०.७ आणि कोरड्या केबलीत जेमतेम ०.४ उरते. वळणे २७० अंशांची असतील तर कोरड्या केबलीत पाव किलोसुद्धा उरत नाही. मूठ स्वतः धूळमातीने जड फिरत असेल, तर एवढ्या तुटपुंज्या ओढीने ती परत येणार नाही. मूठ सोडली तरी ती आहे तेथेच राहते.

गुणाकाराचे घर्षण आणि बेरजेचे घर्षण

यावर आमच्या वर्गातल्या एका मुलीने चांगला प्रश्न विचारला. "सर, मूठ परत येत नसेल तर हाताने उलटी फिरवायची. मग काय अडचण?"

तिचे म्हणणे अर्धे बरोबर होते. हाताने मूठ परत फिरवली की वरच्या टोकाचा ताण शून्य होतो. आणि शून्याला २.६ ने गुणा की ४ ने, उत्तर शून्यच. केबल नुसती कोरडी असेल तर ढील मिळताच स्प्रिंग झडप मिटवते. कोरडी केबल अशा प्रकारे आधी हाताला सांगून मग बिघडते, हे तिचे उपकारच म्हणायचे.

पण घर्षणाचा दुसरा एक प्रकार आहे, तो ताणाच्या पटीत नसतो. म्यानात पावसाचे पाणी शिरून तार गंजली, तर गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागत असल्यामुळे आतली फट भरून येते आणि तार आवळली जाते. म्यानाला कुठे दुमड पडली तरी तेच. ताण शून्य केला तरी ही पकड सुटत नाही. हे घर्षण बेरजेचे. त्याला एकट्या स्प्रिंगने हरवायचे असते.

माझ्या केबलीत झाले होते ते आणखी वाईट. भिंग लावून पाहिले तेव्हा तारेतल्या तीन बारीक तारा तुटून त्यांची टोके वर आलेली दिसली, माशाच्या गळाला असलेल्या उलट्या काट्यासारखी. मूठ पिळताना ही टोके अंगाला चिकटून म्यानात निमूटपणे सरकत आणि परत येताना म्यानात रुतत. एकाच दिशेने चालणारी ही अडवणूक! म्हणून मूठ पिळताना हाताला काहीच वेगळे जाणवले नाही.

तारा मुळात तुटल्या कशा? घासून झिजल्या, असे मला वाटले होते. मिस्त्रींनी मुठीकडच्या टोकाला असलेला धातूचा लहानसा गोळा दाखवला. याला निपल म्हणतात. मुठीतल्या खोबणीत तो बसतो आणि मूठ फिरते तसा आपल्या जागी फिरायला हवा. त्याच्या खोबणीत माती साचून तो घट्ट झाला होता. मग तार फिरण्याऐवजी त्याच्यापाशी दरवेळी वाकत होती. लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून आपण तोडतो ना? तेच येथे कूर्मगतीने चालले होते. घाटात मिनिटाला १० वेळा मूठ फिरली, असे समजा. तासाला ६०० वेळा झाले. रोज तासभर, वर्षाचे २०० दिवस गाडी चालली तर १ लाख २० हजार वेळा! धातूला असा शीण येतो आणि आधी कडेच्या तारा एकेक करून जातात.

एकच जाड तार न वापरता बारीक तारांचा पीळ का वापरतात, तेही येथेच कळते. वाकताना तारेच्या बाहेरच्या कडेला जो ताण पडतो, तो तारेच्या जाडीवर अवलंबून असतो. ५० मिलीमीटर त्रिज्येच्या वळणावर ०.२ मिलीमीटरची तार बाहेरच्या कडेने ०.२ टक्के लांबते; दीड मिलीमीटरची एकसंध तार १.५ टक्के लांबेल, म्हणजे कायमची वाकडी होईल. वळणाची त्रिज्या कमी केली तर दोन्ही आकडे वाढतात. घर्षणाची पट त्रिज्येवर अवलंबून नसली, तरी मिस्त्री "वळण मोठं ठेवा" असे बजावतात, त्याचे एक कारण हे. दुसरे असे की वळण लहान असेल तर तेवढेच घर्षण थोड्या जागेत एकवटते. तेथला तेलाचा थर पिळून निघतो आणि तार म्यानात चर पाडते.

तेल पाजणे

'तेल पाजणे' हा गॅरेजातला शब्दप्रयोग मला फार आवडतो, कारण केबल खरोखरच हळूहळू पिते. केबल काढून उभी टांगायची. वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून केलेला शंकू बांधायचा, नाहीतर सुई काढलेली इंजेक्शनची पिचकारी लावायची. त्यात पातळ मशीन ऑइल थोडे थोडे घालत राहायचे आणि तार वरखाली करायची. खालच्या टोकातून आधी काळे तेल येते, नंतर स्वच्छ. स्वच्छ थेंब दिसला की काम झाले. माझी दुसरी केबल, क्लचची, रात्रभर टांगून ठेवावी लागली. फट निम्मी झाली तर तेलाचा प्रवाह निम्मा न होता सुमारे एक अष्टमांश होतो; मळाने भरलेली केबल तेल लवकर पीत नाही ती यासाठी.

ग्रीस का नको? ग्रीस एवढ्या बारीक फटीतून खाली उतरतच नाही. शिवाय सातपुड्याच्या माथ्यावर, तोरणमाळ किंवा डाबकडे, काही हिवाळ्यांत पहाटेचे दव गोठते. थंडीत वंगणाचा दाटपणा वाढतो आणि स्प्रिंगला तो दाटपणाही ओढावा लागतो. निपलच्या खोबणीत मात्र ग्रीसचा ठिपका हवाच, कारण तेथे वंगण जागेवर टिकायला हवे. तेल घातल्यावर बाहेर आलेले थेंब पुसून टाकायचे. आपल्याकडे उन्हाळ्यात उडणारी धूळ तेलात मिसळली की तिची घासणीसारखी लुगदी होते आणि वंगणच तार झिजवू लागते. काही नव्या केबलींत म्यानाच्या आत नायलॉनचे किंवा टेफ्लॉनचे अस्तर असते. त्यांना तेल घालायचे की नाही, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठरवावे. केबल पेट्रोलने धुण्याची काही ठिकाणी पद्धत आहे. गरम इंजिनाजवळ हा उद्योग करणे म्हणजे आगीला बोलावणे.

तुटू लागलेल्या तारेला तेल पाजून उपयोग नसतो, ती बदलावीच लागते. मिस्त्रींनी ते काम वीस मिनिटांत केले, पण त्यांची एक युक्ती मी विसरणार नाही. जुनी केबल ओढून काढण्यापूर्वी त्यांनी तिच्या खालच्या टोकाला लांब दोरा बांधला. जुनी केबल वरून निघाली तशी टाकीखालून तो दोरा तिच्या जागी आला. मग दोऱ्याला नवी केबल बांधून खालून दोरा ओढला, आणि नवी केबल अचूक जुन्या वाटेने गेली! वाट चुकली असती तर वळणांचा कोन वाढला असता, किंवा हँडल वळवताना केबल ताणली गेली असती.

केबल बसवल्यावर मुठीला थोडी मोकळीक ठेवतात. तार ओढली जाण्यापूर्वी मूठ साधारण २ ते ६ मिलीमीटर रिकामी फिरावी लागते. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. ती तपासण्याची रीतही भौतिकशास्त्राला धरून आहे. गाडी उभी करून इंजिन मंद गतीवर ठेवायचे आणि हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवायचे. इंजिनाचा आवाज वाढला तर समजावे की म्यान कुठेतरी ताणले जात आहे आणि हात न लावता झडप उघडते आहे. शेवटी इंजिन बंद करून मूठ पूर्ण पिळायची आणि एकदम सोडायची. 'खट्' असा आवाज करून ती जागेवर आली पाहिजे. हँडल मधे, डावीकडे आणि उजवीकडे असताना, तिन्ही वेळा.

तुमच्यापैकी बहुतेकांचे मोटारसायकल चालवण्याचे वय झालेले नाही. काही बिघडत नाही. सायकलच्या ब्रेकची केबल याच जातीची आहे. ब्रेकचा खटका दाबून सोडा. रबराचे ठोकळे चाकापासून चटकन दूर जात नसतील तर तेथेही तेच चालले आहे. वर्गातल्या स्प्रिंगकाट्याला ही केबल जोडून, सरळ आणि वळवलेल्या स्थितीत किती ओढ लागते ते मोजा. शिक्षकांना विनंती, की एक मापन तेल पाजण्यापूर्वी आणि एक नंतर घ्यावे. आमच्या प्रयोगशाळेत अकरावीची मुले त्या कपाटातल्या केबलीवर हेच करतात, तुटलेल्या तारांपासून बोटे सांभाळून.

बाउडन यांची ही युक्ती आज पुष्कळ ठिकाणी पसरली आहे. खांद्याच्या हालचालीने मिटणारा कृत्रिम हात अशाच केबलीवर चालतो. पोटात सोडायच्या दुर्बिणीचे टोक वळवतात ते नळीतल्या तारांनीच, आणि वळणे वाढली की डॉक्टरांच्या हाताला तेच चक्रवाढ घर्षण जाणवते. मोटारसायकलीतून मात्र ती हळूहळू निघू लागली आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर गेला आणि त्याच्या जागी इंधन फवारणारी यंत्रणा आली. तरी पुष्कळ लहान गाड्यांत हवेची झडप अजून केबलच उघडते. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक या गाडीत मात्र २०१७ पासून मुठीला केबलच नाही. मूठ किती फिरली ते संवेदक मोजतो, विजेच्या तारेने संदेश जातो आणि छोटी मोटर झडप फिरवते. मोटर झडप उघडू शकते तशी मिटवूही शकते. तरीही वीज गेली, संदेश तुटला, तर झडप आपोआप मागे यावी म्हणून अशा झडपांवरही स्प्रिंग बसवलेली असतेच.